जोडीचा तंबोरा

मिरज शहरात सतारमेकर गल्ली आहे. नाव ऐकून एखाद्याला वाटेल की तेथे पाऊल टाकताच सुरांची बरसात होत असेल. परंतु दिवसा तेथे ऐकू येतो तो पटाशीचा, करवतीचा आणि कानशीचा आवाज. दुकानांच्या आढ्याला वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले असतात आणि भिंतीशी तुणाच्या लाकडाच्या दांड्या ओळीने टेकवून ठेवलेल्या असतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमाकाठच्या शेतांतून येतात. ते चवीला कडू असतात, म्हणून स्वयंपाकघराचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पाठ टणक होईपर्यंत ते वाळवायचे, पोटातला गर आणि बिया काढून टाकायच्या, आणि मग तबलीच्या मापाने तोंड कापायचे. एवढे झाले म्हणजे भाजीच्या जातीचे हे फळ गवयाच्या पाठीमागे बसण्याच्या योग्यतेचे होते.

या गल्लीतील कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारींना आणि भाल्यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस मावळू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी फरीदसाहेब यांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे ते स्वतःच वाद्ये घडवू लागले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ साली ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेला आजही दूरदूरचे गायक-वादक हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथे सांगावयाची हकीकत त्याच वर्षीच्या पावसाळ्यातील आहे.

गल्लीतील एका वृद्ध कारागिराकडे इंदूरहून एका बाईंनी दोन तंबोऱ्यांची मागणी नोंदवली होती. होळकरांच्या काळापासून इंदुरात पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांपैकीच एका घरातील या बाई. वाड्याच्या माडीवर त्यांची लहानशी गायनशाळा चाले. दोन वर्षे विद्यार्थिनींच्या फीमधून थोडीथोडी शिल्लक टाकून त्यांनी जोडीचे पैसे जमवले होते. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात आपल्या मुली नव्या तंबोऱ्यांच्या साथीने गाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. पैसे आगाऊ पाठवताना त्यांनी फोनवर विचारले, “इतक्या लांबचा प्रवास, वाद्य नीट पोहोचेल ना?” त्यावर वृद्ध म्हणाले, “बाई, तुमच्या बैठकीत सूर लागेपर्यंत तंबोरा माझा. पुढे तुमचा.”

तंबोऱ्यांची जोड ही शेजारी ठेवलेल्या कोणत्याही दोन तंबोऱ्यांनी होत नाही. एकाच खेपेतील, सारख्या घेराचे आणि सारख्या जाडीचे दोन भोपळे निवडावे लागतात. दांड्या शक्यतो एकाच लाकडाच्या काढतात. घोडीवरून तार जेथे निघते ती जागा कानशीने घासून घासून जवारी काढायची, आणि दोन्हींची जवारी एकमेकींत मिसळेल अशी जमवायची. या शेवटच्या कामाला मोजपट्टी नाही, कान हेच माप. वृद्धांनी या जोडीवर तीन महिने घालवले. माल पाठवताना तारा सैल केल्या, घोड्या कापडात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या, आणि खोकी भरण्याचे काम पुतण्याकडे सोपवले. पुतण्या शिकलेला, चलाख आणि हिशेबी होता. त्याने भाताचा पेंढा घालून दोन खोकी भरली आणि मालवाहतूक कंपनीची पावती, जिला व्यापारी बिल्टी म्हणतात, ती करून घेतली. अधिक किमतीची जोखीम नोंदवली तर भाडेही अधिक पडते; म्हणून त्याने ती नोंदवली नाही. भाडे झाले बाराशे रुपये. जोडीची किंमत होती बावन्न हजार.

आठ दिवसांनी बाईंचे पत्र आले. सोबत मोबाइलवर छायाचित्रेही होती.

“महाशय,” असा पत्राचा आरंभ होता. “आपण पाठवलेल्या दोन तंबोऱ्यांपैकी एकाचा भोपळा फुटलेला आहे. खोक्याला बाहेरून ओरखडासुद्धा नाही. तेव्हा आतील वाद्य मिरजेहून निघतानाच तडकलेले होते आणि तो तडा रंगाखाली झाकून ते आमच्या गळ्यात बांधले गेले, असे समजण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही वाद्ये परत घेऊन पूर्ण रक्कम पाठवावी. अन्यथा आम्हांस ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.”

ही धमकी पोकळ नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. मिरजेच्या दुकानदाराला तिच्यासाठी इंदूरच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या. परंतु वृद्धांच्या जिव्हारी लागले ते निराळेच. साठ वर्षे भोपळे हाताळलेल्या माणसाने तडा रंगाखाली झाकला, हे वाक्य त्यांनी पुतण्याकडून दोनदा वाचून घेतले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुतण्याने संध्याकाळपर्यंत उत्तर तयार केले. उत्तर खणखणीत होते. १९३० च्या माल-विक्री कायद्यानुसार, खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी माल वाहकाच्या स्वाधीन केला की तो खरेदीदाराच्याच स्वाधीन केला असे सामान्यतः मानले जाते. शिवाय दुकानाच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले आहे की माल रवाना झाल्यावर दुकानाची जबाबदारी राहत नाही. आणि शेवटी, खोकी सुस्थितीत मिळाल्याबद्दल बाईंनी स्वतः पोचपावतीवर सही केली आहे. ही सही खरी होती. खोकी आणणाऱ्या माणसाने घाई केली आणि बाईंनी खोके उघडण्यापूर्वीच सही दिली. अशा सह्या आपणही रोज देत असतो.

“चाचा, एवढे पत्र गेले की बाई गप्प बसतील,” पुतण्या म्हणाला.

वृद्ध म्हणाले, “मी त्यांना फोनवर काय बोललो होतो, तुला आठवते?”

“ते नुसते बोलणे होते. हे छापलेले आहे.”

“छापणारा छापखानेवाला होता. बोललो मी होतो.”

या बाबतीत कायदाही पुतण्या समजत होता तितका त्याच्या बाजूचा नव्हता. माल वाटेत असताना जोखीम कोणाची, याचा जो नियम कायद्याने घातला आहे, तो उभयतांत वेगळे काही ठरले नसेल तेव्हापुरता आहे. आणि येथे तर वेगळे ठरले होते, फक्त कागदावर उतरले नव्हते. ते पत्र टपालात पडले नाही.

दुसऱ्या दिवशी वृद्धांनी छायाचित्रे पाहिली. मोबाइलच्या काचेवर भोपळ्याची चकाकी दिसत होती, पण त्यांना जे पाहायचे होते ते दिसत नव्हते. त्यांनी इंदूरला फोन लावला. पलीकडून बाईंचा स्वर कोरडा होता.

“बाई, मी तुमच्याशी वाद घालायला फोन केलेला नाही. फुटलेला एक तुकडा हातात घ्या आणि खिडकीच्या उजेडात त्याची कड पाहा. कड पांढुरकी दिसते की काळपट? आणि पॉलिश कडेवरून आत उतरलेले आहे का?”

थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग बाई म्हणाल्या, “पांढुरकी आहे. पॉलिश वरच्या वरच तुटले आहे. आत कोठे उतरलेले दिसत नाही.”

“तडकलेल्या भोपळ्यावर पॉलिशचा बोळा फिरवला की चपडा तड्यात झिरपतो आणि कड काळवंडते. कितीही घासले तरी तो रंग जात नाही. तुमच्या हातातली कड ताजी आहे. हा भोपळा वाटेत फुटला.”

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांना ते पटले असावे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट नाकारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. वृद्धांवरचा आरोप तेथे संपला होता. फोन तेथेच ठेवला असता तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पुतण्या तर समोर बसून तशी खूणही करीत होता. परंतु त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, ज्याची त्यांच्या बाजूने काहीच गरज नव्हती.

“खोके टाकून दिले का?”

“नाही. जिन्याखाली आहे.”

“पेंढा जसा होता तसाच आहे? भोपळा जेथे टेकला होता तेथे हात घालून पाहा.”

बाई जिना उतरून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजातील कोरडेपणा गेला होता आणि त्या जागी कुतूहल आले होते. “बाजूंना पेंढा गच्च आहे. पण भोपळ्याच्या खाली वीतभर पोकळी आहे. दुसऱ्या खोक्यात तशी नाही.”

वृद्धांनी पुतण्याकडे पाहिले. पुतण्या खाली पाहू लागला. खोके भरताना बाजूंचा पेंढा ठासला होता, तळाचा नुसता अंथरला होता. चार-पाच दिवसांच्या हादऱ्यांनी तो दबत गेला आणि भोपळा अधांतरी राहिला. मग कोठल्या तरी गोदामात हमालाने खोके जरा जोराने टेकवले असेल. पुठ्ठ्याला काही झाले नाही, आतला भोपळा मात्र आपल्याच वजनाने बसला. तेव्हा नुकसानीत वाहतूक कंपनीचा वाटा होता आणि दुकानाचाही होता. फक्त बाईंचा नव्हता.

“बाई,” वृद्ध म्हणाले, “पोकळी आमच्याकडून राहिली. आता काय करायचे ते तुम्ही सांगा.”

नवा तंबोरा करून द्यावा, असे बाईंनी सुचवले. पण त्या खेपेतला तसा भोपळा दुकानात दुसरा उरला नव्हता; नवे भोपळे येऊन, वाळून हाताशी लागायला बरेच महिने गेले असते. गुरुपौर्णिमा तर तीन आठवड्यांवर आली होती. उरलेले मार्ग दोनच होते. दोन्ही वाद्ये परत पाठवून सगळे पैसे घ्यायचे, नाहीतर फुटलेला भोपळा सांधून घ्यायचा. सांधलेले वाद्य म्हटल्यावर बाईंचे मन कचरले. त्यांच्या एका थोरल्या विद्यार्थिनीने तर स्पष्टच सांगितले, की कारागीर स्वतःच्या सांध्याला वाईट कसा म्हणेल? ही शंका रास्त होती. वृद्धांनाही ती रास्त वाटली असावी, कारण त्यांनी सांध्याची एका शब्दानेही तरफदारी केली नाही. ते एवढेच म्हणाले, “मी तिकडे येतो. काम तुमच्यासमोर करतो. तंबोरा तुम्ही लावा, तुम्ही ऐका. मनाला आला नाही तर दोन्ही घेऊन मी परत येईन आणि पैसे त्याच दिवशी पाठवीन. पेंढ्यातला बारीकसा तुकडाही फेकू नका.”

सत्तरी उलटलेल्या माणसाने ऐन पावसाळ्यात मिरजेहून पुणे आणि पुण्याहून इंदूर असा प्रवास करणे घरच्यांना पसंत नव्हते. पुतण्या म्हणाला, मी जातो. तेव्हा दोघेही गेले. पिशवीत पटाश्या, कानशी, सरस, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या, चपडा आणि तारांची वेटोळी, एवढे सामान होते.

भोपळा सांधणे हे काम फुटलेले मडके चिकटवण्यासारखे नाही. तबली तशीच ठेवली तर आत हात पोहोचत नाही. म्हणून आधी वाफेने सरस सैल करून तबली अलगद सोडवावी लागली. मग बाईंच्या माडीवर धुवट चादर पसरून सगळे तुकडे मांडले. मोठे पाच होते आणि नखाएवढे बरेच. मुली भोवती बसल्या आणि कोणता तुकडा कोठे बसेल हे शोधू लागल्या. दोन तासांत त्या वृद्धांना चाचा म्हणू लागल्या होत्या. तुकडे सरसाने एकमेकांना जोडून वरून दोरीने आवळले आणि आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. पावसाळी हवेत सरस वाळायला वेळ लागतो. मिरजेच्या उन्हाळ्यात एका दिवसाचे काम येथे तीन दिवस चालले. त्या तीन दिवसांत कोळशाची शेगडी लांब ठेवून, भोपळा सतत फिरवत ठेवण्याचे काम पुतण्याने केले. रात्रीही तो दोनदा उठत असे.

पॉलिश करण्याची वेळ आली तेव्हा त्याने सुचवले, की सांध्याच्या रेषेवरून वेलपत्तीची नक्षी काढावी. भोपळ्यावर अशी नक्षी असतेच. रेषा कोणाला दिसणारही नाही. वृद्धांनी नकार दिला. “बाईंनी काय घेतले ते बाईंना दिसले पाहिजे,” ते म्हणाले. रेषा तशीच राहिली. हात फिरवला तर लागत नव्हती, पण उजेडात धरले की दिसत होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तारा चढवल्या. बाईंनी दोन्ही तंबोरे स्वतः लावले. पंचम जुळला, जोडीच्या तारा जुळल्या, खर्ज लागला. वृद्धांनी घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला. बाईंनी मग एक गोष्ट केली. त्यांनी त्या थोरल्या विद्यार्थिनीला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि दोन्ही तंबोरे एकामागून एक छेडून विचारले, यांतला सांधलेला कोणता? मुलीने पहिल्या खेपेस बरोबर सांगितले, दुसऱ्या खेपेस चुकीचे आणि तिसऱ्या खेपेस ती म्हणाली की एकाचा आवाज किंचित आतला आहे खरा, पण दोन्ही मिळून वाजले की तो चांगला वाटतो. वृद्ध मान हलवून म्हणाले, “मुलीचा कान खरा आहे. आत पट्ट्या आहेत, आवाज तेवढा आत जाणारच.”

तंबोरा ठेवून घ्यायचे ठरले. मग पैशांची गोष्ट निघाली. ती काही पाच मिनिटांत मिटली नाही. बाईंचे म्हणणे, की उद्या विकायचे ठरवले तर सांधलेल्या वाद्याला निम्मी किंमत येईल, तेव्हा निम्मे तेरा हजार परत मिळावेत. पुतण्याचे म्हणणे, की आवाज काही निम्मा झालेला नाही; शिवाय येण्याजाण्याचा खर्च आणि सहा दिवसांची मजुरी दुकानाने सोसलीच आहे. तो सहा हजारांवर अडून बसला. बाई शिक्षिका होत्या, पण हिशेबाच्या कच्च्या नव्हत्या. चहा झाला, पुन्हा बोलणे झाले, आणि नऊ हजारांवर दोन्ही बाजू थांबल्या. बाईंनी त्यात एक अट घातली, की वर्षभरात सांधा उकलला तर नव्या खेपेतील भोपळा बसवून द्यावा. वृद्धांनी ती मान्य केली. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळे चार ओळींत लिहिले गेले आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या. पुढच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरांतली ती ओळ होतीच. पुतण्याने खिशातून पेन काढून ती खोडली.

मालवाहतूक कंपनीशी मात्र असे बसून बोलता आले नाही. २००७ च्या रस्ते-वाहतूक कायद्याप्रमाणे माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी सूचना द्यावी लागते, आणि जोखीम वेगळी नोंदवलेली नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दसपटीपुरती असते. बाराशेच्या दसपट म्हणजे बारा हजार. पुतण्याने इंदूरहून परतताच सूचना पाठवली. कंपनीने बाईंची सही पुढे केली. तेव्हा खोके उघडण्यापूर्वी सही घेतली गेली, असे पत्र बाईंनी लिहून दिले. खोक्याची आणि आतल्या पोकळीची छायाचित्रेही पाठवली. ज्या बाई दुकानाला आयोगाकडे खेचणार होत्या, त्यांच्याच साक्षीवर दुकानाचा दावा उभा राहिला. पोकळीचे छायाचित्र पाठवल्याने दुकानाचीच बाजू लंगडी होते, हे पुतण्याला कळत होते. ते वगळावे काय, असे त्याने चाचांना विचारलेही नाही. चार महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर कंपनीने सात हजार दिले.

दुकानातून आता जी खोकी निघतात, त्यांच्या तळाशी लाकडी चौकट असते आणि तिच्यात कापडाची जाड चुंबळ बसवलेली असते. बायका घागरीखाली ठेवतात तशी. भोपळा त्या चुंबळीत बसतो. पेंढा फक्त बाजूंना. बिल्टीवर खरी किंमत लिहिली जाते आणि जोखमीचे जादा भाडेही भरले जाते. याचा खर्च गिऱ्हाइकाला सांगून बिलात धरतात. काही गिऱ्हाइके त्यावर कुरकुरतात.

पुढल्या वर्षी, उन्हाळा संपत आला असताना, इंदूरहून पत्र आले. “चाचांस सप्रेम नमस्कार,” असा आरंभ होता. सांधा शाबूत आहे. पावसाळ्यात खर्ज थोडा दबतो, पण थंडीत खुलतो. मुली आपली आठवण काढतात. शाळेत विद्यार्थिनी वाढल्या असल्यामुळे आणखी एक तंबोरा हवा आहे. किमतीविषयी पत्रात काही नव्हते. खाली ताजा कलम होता: “खोके कसे भरणार, ते आधी कळवावे.”